सत्तावन्नाव्या रस्त्यावरचं तारण

अमेरिकेत मुलाकडे किंवा मुलीकडे जाऊन आलेल्या मराठी आईवडिलांना ‘काय काय पाहिलंत?’ असं विचारलं, की उत्तर ठरलेलं असतं. नायगारा, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, व्हाइट हाऊस (बाहेरून), एडिसनमधलं वाण्याचं दुकान आणि नशिबात असलं तर बर्फ. आमची यादीही याहून वेगळी नाही. तिच्यात फक्त एक नोंद जास्तीची आहे आणि ती माझ्या हट्टापायी. न्यूयॉर्कला सत्तावन्नावा रस्ता आणि सातवा अ‍ॅव्हेन्यू जिथे मिळतात, त्या कोपऱ्यावर तपकिरी-तांबूस विटांची एक जुनी इमारत उभी आहे. तिचं नाव कार्नेगी हॉल.

‘‘बाबा, तुम्हाला त्यांचं संगीत कळतं?’’ मुलीनं विचारलं. तिचा प्रश्न रास्त होता. पाश्चात्त्य संगीताचं माझं खातं शून्य शिलकीचं. आमच्या पिढीच्या बऱ्याच लोकांसारखा मी आकाशवाणी, गणेशोत्सव आणि पुढे सवाई गंधर्व, एवढ्यावर पोसलेला कानसेन. पण मला त्या हॉलमधलं गाणं-बजावणं ऐकायचं होतं त्याहून जास्त तो हॉल पाहायचा होता. १९६० साली हा हॉल पाडायचं जवळजवळ नक्की झालं होतं आणि शेवटच्या घटकेला तो वाचला, हे मी फार पूर्वी वाचलं होतं. पस्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला, ‘वाचला म्हणजे नेमका कसा? पैसे कोणी भरले? कोणत्या अटीवर?’ असे प्रश्न पडतात. ते मला बरीच वर्षं पडत होते, आणि त्यामागे एक घरगुती कारणही होतं. ते पुढे सांगतो.

मुलीनं सर्वांत वरच्या सज्जातली तिकिटं काढली, कारण ती परवडणारी होती. ‘‘लिफ्ट तिथपर्यंत जात नाही हं,’’ असं तिनं आधीच बजावलं होतं. खालपासून वरपर्यंत १३७ पायऱ्या. मी मोजत चढलो. मोजायची सवय जात नाही. मध्ये दोनदा थांबलो. हिनं तर एका वळणावर सरळ पायरीवरच बसकण मारली आणि म्हणाली, ‘‘अहो, जेजुरी यापेक्षा बरी. वर निदान भंडारा तरी मिळतो.’’

वर पोचल्यावर मात्र ती गप्प झाली. आमच्या खुर्च्या इतक्या उंचावर होत्या, की विहिरीच्या काठावर बसून तळाकडे पाहावं तसं खाली रंगमंचाकडे पाहावं लागत होतं. मलईसारखा पांढरा रंग, सोनेरी कड, तांबड्या खुर्च्या, एकावर एक पाच मजले आणि २,८०४ आसनं. बाकी डोळे दिपावेत असं काही नाही. आपल्याकडच्या एखाद्या संस्थानिकाच्या दरबार हॉलात याहून जास्त झुंबरं निघतील. तो साधेपणा मुद्दाम राखलेला आहे, हे मला नंतर कळलं.

हा हॉल बांधणारा विल्यम टथिल हा वास्तुतज्ज्ञ स्वतः हौशी चेलोवादक होता. एवढं मोठं सभागृह त्यानं आधी कधी बांधलं नव्हतं. त्यानं युरोपातल्या नाणावलेल्या सभागृहांचा अभ्यास केला आणि नादाला जे जे मारक, ते ते काढून टाकलं. जाड पडदे नकोत, छतावर चित्रकाम नको, प्रचंड झुंबरं नकोत. आतला आकार लंबगोलाकडे झुकणारा, कोपरे मऊ केलेले, रंगमंचावरचं छत घुमटासारखं. भिंती भरभक्कम विटांच्या, कारण ही इमारत पोलादी सांगाड्याशिवाय उभी आहे. पोलादाच्या जिवावर जगातला एक सर्वांत श्रीमंत माणूस झालेल्या अँड्र्यू कार्नेगीनं बांधवलेल्या सभागृहात मूळच्या बांधकामाला पोलादी सांगाडाच नाही, ही गंमत मला त्या वरच्या खुर्चीत बसून फार आवडली. त्या जाड भिंतींनी १८९१ सालच्या घोडागाड्यांचा खडखडाट बाहेर ठेवला आणि आजच्या टॅक्सींचे भोंगेही त्या बाहेरच ठेवतात.

कार्नेगीला हा नाद लागला तो प्रवासात. १८८७ साली लग्न करून तो आणि त्याची बायको लुईझ बोटीनं स्कॉटलंडला निघाले होते. त्याच बोटीवर वॉल्टर डॅमरॉश नावाचा पंचवीस वर्षांचा संगीत-संचालक होता. न्यूयॉर्कमधल्या दोन संगीतसंस्था त्याच्याकडे होत्या, पण त्यांना हक्काची जागा नव्हती. लुईझला गाण्याची आवड होती. समुद्रावरचे दिवस लांबलचक असतात. डॅमरॉशनं मनातली गोष्ट बोलून दाखवली आणि ती रुजली. १८९० च्या मे महिन्यात लुईझनं कोनशिला बसवली आणि वर्षभरात, ५ मे १८९१ ला, हॉल खुला झाला. पाच दिवसांच्या उद्घाटन महोत्सवासाठी रशियाहून चायकोव्हस्कीला बोलावलं होतं. तो बिचारा घराच्या आठवणीनं व्याकूळ झालेला. महोत्सव चालू असतानाच, ७ मे रोजी त्याचा एकावन्नावा वाढदिवस आला. युरोपातल्यापेक्षा इथे आपलं नाव जास्त माहीत आहे, याचं त्याला नवल वाटत होतं.

कार्नेगीबद्दल मला फारसं भाबडं व्हायचं नाही. उद्घाटनाला जेमतेम वर्ष होतं, तोच १८९२ च्या जुलैत होमस्टेडच्या त्याच्या पोलाद कारखान्यातला संप मोडायला भाडोत्री बंदूकधारी आणले गेले आणि दोन्ही बाजूंची माणसं मेली. मालक त्या वेळी स्कॉटलंडमध्ये होता. वाचनालयांना आणि सभागृहांना मिळालेला पैसा कोणत्या भट्टीतून आला, हे विसरून चालत नाही. पण मला अडकवलं ते त्याच्या दुसऱ्या एका मतानं. कार्नेगीचा आग्रह असा, की संगीताचं सभागृह हे धर्मादाय काम नव्हे. लोकांना संगीत हवं असेल तर लोकांनी तिकिटं काढावीत आणि हॉलनं आपला खर्च आपण भागवावा. तसं कधी झालं नाही. दरवर्षी तूट यायची आणि तक्रार करत करत तो ती भरायचा.

हे वाक्य मला ओळखीचं होतं. ते मी स्वतः एकदा लिहिलं होतं.

आता ते घरगुती कारण सांगतो. १९९४ साली मी एका जिल्ह्याच्या गावी आमच्या बँकेच्या शाखेत अधिकारी होतो. बँकेचं आणि गावाचं नाव लिहीत नाही. नव्वदच्या सुरुवातीला नरसिंहम समितीचा अहवाल आला आणि थकीत कर्जाची व्याख्या कडक झाली. ‘एनपीए’ हा शब्द आम्ही नव्यानंच शिकलो होतो आणि सगळ्या नव्या शब्दांप्रमाणे तो जरा जास्तच वापरत होतो. त्या यादीत एका संगीतसंस्थेचं खातं होतं. संस्था स्वातंत्र्यापूर्वीची. भर बाजारपेठेत तिची सहा गुंठे जागा आणि त्या जागेवर एक छोटं सभागृह. दोनशे माणसं दाटीवाटीनं मांडी घालून बसतील एवढं. खाली सागवानी फळ्या, वर मंगलोरी कौलं, भिंती दगडी. छत बदलायला आणि मोऱ्या बांधायला संस्थेनं १ लाख ८० हजारांचं कर्ज काढलं होतं. सात वर्षांत ते व्याजासकट दुपटीच्या आसपास गेलं. उत्पन्न म्हणजे सकाळच्या गायनवर्गाची फी आणि वर्षाकाठी आठ-दहा मैफिली. त्यांतल्याही निम्म्यांना बिदागी देऊन झाल्यावर चहाचे पैसे उरत नसत.

मी तपासणीला गेलो ती दुपारची वेळ होती. मोजमाप झालं, कागदपत्रं पाहिली. तिथे गाणं शिकवणारे एक वयस्क मास्तर होते. सगळं गाव त्यांना मास्तरच म्हणे. मी फाइल बंद केली तेव्हा ते म्हणाले, ‘‘साहेब, दोन मिनिटं बसता का? जागेचा भाव काढलात. आता खोलीचाही काढा.’’

त्यांनी खोळीतून तानपुरा काढला, निवांतपणे लावला. मग मला उठवलं आणि मागच्या दाराशी, अगदी कोपऱ्यात नेऊन उभं केलं. एक शाळकरी मुलगी शिकवणीला लवकर आली होती. तिला म्हणाले, ‘‘बाळ, षड्ज लाव. हळू. माझ्यापुरता.’’ तिनं लावला. ती माझ्यापासून चाळीसेक फुटांवर असेल, आणि तो स्वर माझ्या खांद्याशी उभा असल्यासारखा ऐकू आला. खर्जाची तार तर पायाखालच्या फळ्यांतून वर येत होती. मास्तर काही बोलले नाहीत. नुसतं विचारलं, ‘‘हे तुमच्या कागदावर कुठं लिहितात?’’

कुठेच लिहीत नाहीत. तपासणी अहवालाच्या छापील नमुन्यात तसा रकाना नव्हता. मी लिहिलं ते असं : ‘जागेचे बाजारमूल्य बांधकामाच्या मूल्यापेक्षा अनेकपटींनी अधिक असून सध्याचा वापर जागेच्या मूल्याशी सुसंगत नाही. तारण विकून वसुली शक्य.’ खाली सही.

संस्थेच्या कार्यकारिणीतच दोन तट होते आणि त्यांतल्या एकाला विक्री हवीच होती, हेही सांगितलं पाहिजे. माझ्या शेऱ्याशिवायही तो हॉल कदाचित गेला असता. पण शेरा माझा होता. एका बांधकाम व्यावसायिकानं जागा घेतली. मुद्दल आणि बरंचसं व्याज वसूल झालं. विभागीय कार्यालयाकडून मला शाबासकीचं पत्र आलं, ते अजून फायलीत आहे. काही महिन्यांनी मास्तर शाखेत आले ते संस्थेचं बचत खातं बंद करायला. शिल्लक २१४ रुपये आणि काही पैसे. त्यांच्या पैसे काढायच्या स्लिपवर मी सही केली. त्यांनी ‘‘आभारी आहे, साहेब’’ म्हटलं. ते उपरोधानं म्हणाले असते, तर मला बरं वाटलं असतं.

तर कार्नेगी हॉल.

१९१९ साली कार्नेगी वारला आणि १९२५ साली लुईझनं हॉल विकला. घेणारा रॉबर्ट सायमन हा जमीनजुमल्याच्या धंद्यातला माणूस. काही वर्षं तरी तिथे संगीतच चालू राहील, अशी अट व्यवहारात घातली होती. आमच्या भाषेत, हस्तांतरणावरचा बोजा. १९३५ साली थोरला सायमन गेला आणि कारभार त्याच नावाच्या मुलाकडे आला. हा धाकटा सायमन पुढे गोष्टीतला खलनायक ठरवला जातो. मला त्याच्याबद्दल वेगळं वाटतं. त्यानं वीस वर्षं तो हॉल चालवला. त्याचं भाडं मुख्यतः एका मोठ्या भाडेकरूवर चालायचं, तो म्हणजे न्यूयॉर्क फिलहार्मोनिक हा वाद्यवृंद. पन्नाशीच्या दशकात शहराच्या पश्चिम भागात लिंकन सेंटर नावाचं नवं कलासंकुल उभारायचं ठरलं आणि फिलहार्मोनिकनं तिकडे जायचं नक्की केलं. मोठा भाडेकरू निघाला, इमारत जुनी, देखभालीचा खर्च मोठा, जागा मॅनहटनच्या ऐन मध्यावर. कोणत्याही बँकेच्या कोणत्याही अधिकाऱ्यानं मी लिहिला तोच शेरा लिहिला असता. एका शहराला दोन मोठी संगीतगृहं पोसवणार नाहीत, असं जाणकार मंडळीही म्हणत होती.

सायमननं हॉल आधी फिलहार्मोनिकलाच देऊ केला. त्यांना नको होता. मग १९५६ साली एका विकासकाशी करार झाला. तिथे ४४ मजल्यांचा, बाहेरून भडक लाल रंगाचा कचेऱ्यांचा मनोरा उभा राहायचा होता. त्याचं चित्र १९५७ साली ‘लाइफ’ साप्ताहिकात छापून आलं. ते मी पाहिलं आहे. आपल्याकडे टीव्ही कंपन्यांच्या जाहिरातींत पूर्वी दिसायचं तसलं ते लाल खोकं आहे. तो व्यवहार पुढे फिसकटला, पण पाडण्याचा बेत कायम राहिला. १९६० चा वसंत ऋतू उजाडला तेव्हा हॉलचे शेवटचे दिवस मोजले जात होते.

वाचवायला पुढे आला तो एक व्हायोलिनवादक. आयझॅक स्टर्न त्या वेळी चाळिशीला टेकलेला होता. १९४३ च्या जानेवारीत तो या रंगमंचावर पहिल्यांदा वाजवायला उभा राहिला होता. कलावंतांना व्यवहार कळत नाही, हा आपला एक लाडका समज. स्टर्न आणि त्याची बायको व्हेरा यांनी नागरिकांची समिती उभी केली, पैसेवाल्या मित्रांना गाठलं, देशोदेशीच्या वादकांच्या सह्या मिळवल्या. इथपर्यंत आपल्याकडच्या ‘बचाव समित्या’ही जातात. पण तो तिथे थांबला नाही. इमारत शहरानं विकत घ्यावी आणि ना-नफा तत्त्वावरच्या संस्थेला भाड्यानं द्यावी, अशी ती योजना होती. त्यासाठी कायदा हवा होता. १९६० च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्क राज्याच्या विधिमंडळानं तो केला. ३० जूनला शहरानं ५० लाख डॉलर देऊन हॉल घेतला. नव्या संस्थेनं शहराला भाडं द्यायचं, असा करार झाला. स्टर्न त्या संस्थेचा अध्यक्ष झाला आणि २००१ साली मरेपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षं, त्यानं ते पद सोडलं नाही.

हा व्यवहार मी एखाद्या कर्जप्रस्तावासारखा तपासून पाहिला आहे. तो अगदी साधा आहे. मालकी सार्वजनिक, कारभार कलेची जाण असलेल्यांचा, भाडं ठरलेलं, नफा कुणाच्याच खिशात नाही. १९९४ साली आमच्या नगरपालिकेला ती सहा गुंठे जागा घेणं अवघड नव्हतं. कोणी तिच्याकडे गेलंच नाही. मला ते सुचलं नाही, असं म्हणालो तर ते पूर्ण खरं होणार नाही. सुचलं होतं. पण ते माझं काम नाही, असं मी ठरवलं.

धाकट्या सायमननं मिळालेल्या पैशातून व्हर्जिनियात जमीन घेऊन एक अख्खं नगर वसवलं. आपल्या नावाच्या आद्याक्षरांवरून त्याचं नाव ठेवलं रेस्टन. झाडी, तळी, चालायला वाटा असलेलं ते गाव आजही नावाजलेलं आहे. माणूस २०१५ साली गेला, एकशे एक वर्षांचा होऊन. तेव्हा विकणारा सुखी आणि घेणारं शहरही सुखी.

दुःखी झालं ते फिलहार्मोनिक. २३ सप्टेंबर १९६२ ला लिंकन सेंटरचं त्यांचं नवंकोरं सभागृह उघडलं आणि पहिल्याच दिवसापासून कुरकुर सुरू झाली. खर्ज पोचेना, नाद कोरडा, रंगमंचावरच्या वादकांना एकमेकांचं ऐकू येईना. डागडुजीवर डागडुजी झाली. शेवटी १९७६ साली आतला सगळा गाभा काढून नव्यानं बांधला. आपल्या मुंबईचे झुबिन मेहता १९७८ ते १९९१ अशी तेरा वर्षं या वाद्यवृंदाचे प्रमुख होते, ती सगळी त्या नव्यानं बांधलेल्या, तरीही कुणाचं पुरतं समाधान न करणाऱ्या घरात. २००३ च्या जूनमध्ये तर फिलहार्मोनिकनं जाहीर केलं, की आम्ही पुन्हा कार्नेगी हॉलमध्ये राहायला जातो. ऑक्टोबरपर्यंत तो बेत मोडला. माहेरी परतायचं म्हटलं तरी तिथल्या खोल्या दुसऱ्यांना दिलेल्या होत्या. अखेर २०२२ साली ५५ कोटी डॉलर खर्चून सभागृह पुन्हा आतून बांधलं, तेव्हा कुठे लोक बरं बोलू लागले. ५० लाखांना वाचलेल्या जुन्या नादाची बरोबरी करायला साठ वर्षं आणि ५५ कोटी लागले. डॉलरची किंमत मधल्या काळात किती घसरली, हे मला कळतं, कुणी पत्र लिहून कळवू नये.

जुन्या वास्तूला हात लावणंही सोपं नसतं. १९४६ साली एका चित्रपटाच्या चित्रीकरणासाठी रंगमंचावरच्या छताला भोक पाडलं आणि नंतर ते कापडानं झाकून ठेवलं. चाळीस वर्षं ते तसंच होतं. १९८६ साली हॉल सात महिने बंद ठेवून मोठी दुरुस्ती केली, तेव्हा ते बुजलं. १५ डिसेंबरला हॉल पुन्हा उघडला आणि जुने कानसेन म्हणू लागले, ‘नाद बदलला, ती ऊब गेली.’ रंगमंचाखाली काँक्रीट ओतलंय, अशी कुजबुज सुरू झाली. कारभाऱ्यांनी ती साफ नाकारली. १९९५ च्या उन्हाळ्यात रंगमंचाच्या फळ्या वाकल्या म्हणून उखडल्या, तर खाली खरंच काँक्रीट निघालं. ते काढून नवी लाकडी जमीन घातली. नऊ वर्षं ज्यांना लोक ‘कानांचे चोचले’ म्हणत होते, त्यांचे कान बरोबर निघाले. मला इथे मास्तर आठवले.

आणि हॉल वाचवणाऱ्यांचे हात स्वच्छ राहिले, असंही नाही. मूळ इमारतीवर १८९० च्या दशकात मजले आणि मनोरे चढवून तिथे दीडशेहून जास्त खोल्या कलावंतांना भाड्यानं दिल्या होत्या. चित्रकार, नर्तक, गायनशिक्षक, छायाचित्रकार तिथे राहत, शिकवत. लिओनार्ड बर्नस्टाइन काही काळ तिथे होता. एकविसाव्या शतकात संस्थेला शिक्षणवर्गांसाठी जागा हवी झाली आणि उरलेल्या भाडेकरूंना नोटिसा गेल्या. शेवटचे भाडेकरू २०१० साली निघाले. त्यांतल्या एक छायाचित्रकार बाई अठ्ठ्याण्णव वर्षांच्या होत्या आणि साठ वर्षं तिथेच राहिल्या होत्या. तिथे आता मुलांचे संगीतवर्ग चालतात. वाईट काहीच नाही. तरी त्या नोटिशीवर कुणीतरी सही केली असेलच, आणि तो माणूस मला अनोळखी वाटत नाही.

पैशाचं म्हणाल तर कार्नेगीचं स्वप्न अजून खरं झालेलं नाही. नुसत्या तिकिटांवर तो हॉल आजही चालत नाही. देणग्या, ठेवींचं व्याज आणि शहराची मदत यांवर तो उभा आहे. २०१३ साली उद्घाटनाचा मोठा जलसाच रद्द झाला, कारण रंगमंचावर पियानो आणि खुर्च्या हलवणाऱ्या कामगारांनी संप केला. त्या निमित्तानं त्यांतल्या कायम कामगारांचं वार्षिक उत्पन्न चार लाख डॉलरच्या वर असल्याचं वर्तमानपत्रांत आलं. हे मी जावयाकडून ऐकलं तेव्हा हिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मी उभी हयात चुकीच्या खात्यात घालवली.

त्या संध्याकाळी द्वोर्झाकची नववी सिंफनी होती. ती पहिल्यांदा वाजली ती याच हॉलमध्ये, १६ डिसेंबर १८९३ ला. बोहेमियाचा हा माणूस न्यूयॉर्कच्या संगीतशाळेचा संचालक म्हणून आला होता आणि इथल्या कृष्णवर्णीयांची गाणी ऐकून म्हणत होता, की तुमच्या देशाचं संगीत यातून निघेल. दुसऱ्या भागात एक लांब, संथ धून आहे. ती एकटं वाद्य वाजवतं. त्याचं नाव इंग्लिश हॉर्न. नावात हॉर्न, पण ते लाकडी, पातीचं, आपल्या सनईच्या कुळातलं. बाकीचा वाद्यवृंद जवळजवळ श्वास रोखून थांबलेला. आणि १३७ पायऱ्या खाली, टाचणीएवढ्या दिसणाऱ्या त्या वादकाची हळू फुंकर माझ्या खांद्याशी येऊन उभी राहिली.

मला राग कळला नाही, ताल कळला नाही. खोली कळली. मी मागच्या दाराशी, कोपऱ्यात उभा होतो आणि कुणीतरी माझ्यापुरता षड्ज लावला होता. मी चष्मा काढून पुसला. मुलीला वाटलं, पायऱ्या चढून मला घाम आला.

मध्यंतरात हिनं जावयाला विचारलं, ‘‘इथं आपलं कोणी गायलं-वाजवलंय का हो?’’ मग नावं निघाली. रविशंकर आणि त्यांच्या साथीला अल्लारखाँ. १९७७ साली एम. एस. सुब्बुलक्ष्मी. माहीमच्या गल्लीत वाढलेले झाकीर हुसेन, ज्यांना २००९ साली या हॉलनं आपली एक सबंध मालिकाच आखून दिली होती. झाकीरभाई २०२४ च्या डिसेंबरात गेले. त्यांचं नाव निघाल्यावर आम्ही थोडा वेळ कुणीच काही बोललो नाही. ‘कार्नेगी हॉलला कसं जायचं?’ असं रस्त्यात विचारणाऱ्याला ‘रियाज करून’ असं उत्तर मिळाल्याचा एक जुना विनोद न्यूयॉर्कमध्ये सांगतात. जावयानं तो सांगितला आणि ही लगेच म्हणाली, ‘‘आणि गुडघ्यांचा व्यायाम करून.’’

कार्यक्रम सुटल्यावर आम्ही सातव्या अ‍ॅव्हेन्यूनं चालत निघालो. एडिसनची गाडी पेन स्टेशनवरून सुटते आणि हॉलपासून नाकासमोर दक्षिणेला चालत गेलं, की ते येतं. हवा गार होती. टाइम्स स्क्वेअरच्या झगमगाटातून पुढे गेल्यावर रस्ता जरा शांत झाला. पेन स्टेशन म्हणजे आता जमिनीखालचे बुटक्या छताचे बोगदे आहेत, वर एक गोल क्रीडागृह. इथे एकेकाळी रोमन स्नानगृहांच्या धर्तीवरचं, खांबाखांबांचं भव्य स्थानक होतं. जमिनीला भाव आला होता. १९६३ च्या ऑक्टोबरात ते पाडायला घेतलं. कार्नेगी हॉल वाचून तीन वर्षं झाली होती, पण त्या स्थानकाला स्टर्न मिळाला नाही. ते गेल्यावर, १९६५ साली, न्यूयॉर्कनं जुन्या वास्तूंच्या रक्षणाचा कायदा केला.

गाडीला वीस मिनिटं होती. हिनं पिशवीतून डबा काढला, पोळीचा रोल माझ्या हातात दिला. आमच्या त्या गावच्या बदलीतच ती तिथे दोन वर्षं गाणं शिकायला जायची, हे मी मघाशी सांगितलं नाही. सकाळच्या वर्गाला, मास्तरांकडे. मी शेरा लिहिला तेव्हा तिला सांगितलं नव्हतं, आणि कळल्यावर तिनंही मला काही विचारलं नव्हतं. तीस वर्षं.

‘‘अहो,’’ ती म्हणाली, ‘‘मास्तरांकडे तानपुरे दोन होते ना?’’

‘‘हो. दोन.’’

‘‘मग त्यांचं काय झालं?’’

मी आठवून पाहिलं. दोन लाकडी कपाटं, एक पेटी, सोळा सतरंज्या, पंखे सहा. यादी माझ्याच अक्षरात होती. तानपुरे मी त्या यादीत धरलेच नव्हते. तारण म्हणून त्यांना किंमत नव्हती.

‘‘मास्तर घेऊन गेले असतील,’’ मी म्हणालो.

फलाटाचा आकडा लागला आणि सगळे एकदम जिन्याकडे धावले.